कार्पेटच्या जिन्याची कड: कोणतं साधन कुठे चालवायचं?



तुळशीची लग्नं लागली की आपल्या भागातल्या मंगल कार्यालयांच्या तारखा भरायला लागतात, आणि बचत गटांना साफसफाईच्या कामासाठी निरोप येऊ लागतात. यंदा आमच्याकडे तीन-चार गटांनी एकच प्रश्न विचारला. हॉल झाडणं, फरशी पुसणं, मोठी भांडी घासणं हे सगळं जमतं, पण वरच्या मजल्यावर जाणाऱ्या जिन्याला लाल कार्पेट लावलेलं असतं आणि त्याच्या कडा काही केल्या स्वच्छ दिसत नाहीत. मग ब्रश कोणता घ्यावा, मशीन कोणतं घ्यावं, की मशीन घ्यावंच लागेल का? आजचं बोलणं तेवढ्यावरच.

प्रश्न लहान वाटेल, पण कामाचे पैसे तिथंच अडतात. मॅनेजर काम बघायला येतो तेव्हा पायरीचा मधला भाग तो बघतही नाही, थेट कोपऱ्याकडे बघतो. त्याचंही बरोबर आहे म्हणा. नवरा-नवरीचे फोटो हमखास जिन्यावर काढतात, आणि फोटोत भिंतीलगतची काळी रेघ आणि खाचेत अडकलेल्या अक्षता नेमक्या उठून दिसतात.

आधी आमची चूक सांगतो. पहिल्या वर्षी काम मिळालं म्हणून उत्साहात आम्ही गटाच्या पैशातून उभं, दांड्याचं एक मोठं मशीन घेतलं. खालच्या बाजूला फिरणारा ब्रश असलेलं. दुकानात सपाट सतरंजीवर चालवून दाखवलं, रवा सांडून एका फटक्यात ओढून दाखवला, आम्ही खूश. जिन्यावर नेलं तेव्हा कळलं की मशीनचं तोंड पायरीवर धड बसतच नाही. आत ढकललं तर पुढून लटकतं, आणि खाचेपासून दोन बोटं लांबच राहतं. एका हातानं ते वजन तोलायचं आणि दुसऱ्या हातानं कठडा धरायचा. त्यातच एका पायरीला कार्पेटची कड जरा सुटलेली होती. फिरत्या ब्रशनं तो धागा पकडला आणि वीतभर कार्पेट उसवून काढलं. कार्यालयानं दुरुस्तीचे पैसे आमच्या बिलातून कापले. मशीन परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता. म्हणून आता कुठलाही गट "ताई, कोणतं मशीन घेऊ?" असं विचारायला आला, की आम्ही म्हणतो, आधी जिना बघून या.

जिना बघायचा म्हणजे काय बघायचं? कड कड म्हणतो, पण एका पायरीला तीन तऱ्हेच्या कडा असतात. एक पुढची, जिच्यावर पाऊल पडतं आणि जी बाहेर आलेली असते. गवंडी तिला नोजिंग म्हणतात. दुसरी मागची खाच, म्हणजे पायरीचा सपाट भाग आणि वरच्या पायरीचा उभा भाग जिथं मिळतात तो सांधा. तिसरी बाजूची, भिंतीला किंवा कठड्याला लागलेली. या तिन्हींची घाण वेगळी असते आणि साधनही वेगळं लागतं. एकाच साधनानं तिन्ही करायला गेलं की वेळ जातो आणि कार्पेटही जातं.

पुढच्या कडेवर माती दाबून बसलेली असते, कारण सगळ्यांचा भार तिथंच पडतो. ही घाण सैल केल्याशिवाय ओढली जात नाही. मागच्या खाचेत पायानं ढकललेलं सगळं जाऊन बसतं: तांदूळ, फुलांच्या पाकळ्या, साडीवरची टिकली, केस, पिना. ती घाण सैलच असते, पण झाडू तिथं पोचत नाही. बाजूच्या कडेला मात्र बारीक काळी रेघ असते. ती पायानं आलेली नसते. कार्पेट आणि भिंत यांच्यामधल्या बारीक फटीतून हवा सारखी ये-जा करते, आणि चहा गाळताना चोथा जसा गाळणीत राहतो, तशी हवेतली बारीक धूळ आणि धुराची काजळी कार्पेटच्या कडेला अडकून राहते. ती वर्षानुवर्षांची असेल तर एका दिवसात पूर्ण निघत नाही. हे मॅनेजरला काम सुरू करायच्या आधीच सांगून ठेवायचं. नंतर सांगितलं तर कामचुकारपणा वाटतो.

मग कार्पेट कसलं आहे ते बघा. आपल्याकडच्या कार्यालयांत बहुतेक वेळा दाबून केलेलं पातळ कार्पेट असतं. बुरणूस जसा लोकर विणून न करता दाबून करतात, तशाच प्रकारचं, फक्त कृत्रिम धाग्याचं. घासल्यावर याला गोळे येतात. हॉटेलांत कधी टर्किश टॉवेलसारखे बारीक फासे असलेलं असतं. टॉवेलचा एक धागा ओढला की ओळ उसवत जाते ना, तसंच याचं होतं, म्हणून यावर टोकदार काही चालवायचं नाही आणि फिरणारा ब्रशही नाही. तिसरं मखमलीसारखं, वर कापलेली लव असलेलं. ते जास्त घाण धरतं, पण ब्रश सोसतं.

याहून महत्त्वाचं म्हणजे कड कशानं धरून ठेवली आहे. नुसत्या गमनं चिकटवलेली असते, खिळ्यांनी ठोकलेली असते, किंवा पुढच्या कडेवर ॲल्युमिनियमची नाहीतर पितळेची पट्टी मारलेली असते. कामाच्या आधी वरपासून खालपर्यंत प्रत्येक कडेवरून बोट फिरवा. जिथं सुटलेलं, उचकटलेलं लागेल तिथं खडूची खूण करा आणि मोबाइलवर फोटो काढून मॅनेजरला दाखवा. आमचे पैसे कापले गेले त्या वेळी हा फोटो असता तर बोलायला तोंड राहिलं असतं. पट्टीचे स्क्रू वर आलेले असतील तर तेही दाखवा. त्यानं तुमचा हात कापेल आणि पाहुण्यांचा पाय अडकेल.

आता साधनं. केरसुणी आणि फुलझाडू कार्पेटच्या जिन्यावर फार उपयोगाचे नाहीत. त्यांची टोकं मऊ, त्यामुळे वरची धूळ उडते आणि खालच्या पायरीच्या खाचेत जाऊन बसते. शिवाय नव्या फुलझाडूचा भुसा पडतो तो वेगळाच. खराट्यानं माती निघते, पण काड्या मोडून कार्पेटमध्ये घुसतात आणि दाबलेल्या कार्पेटला गोळे येतात. तारेचा ब्रश, स्टीलची घासणी, सुरी, स्क्रूड्रायव्हर यांना जिन्याजवळ आणूही नका. खाचेतला तांदूळ काढायला सुरीचं टोक घातलं की तांदळाबरोबर कार्पेटचा धागाही कापला जातो.

उपयोगी पडतो तो आखूड, दाट केसांचा नायलॉनचा हातब्रश, कपडे धुवायचा असतो तसा. घेताना केस अंगठ्यानं वाकवून बघा. लगेच लोळले तर तो माती सैल करणार नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघा. ओरखडा उठला तर तो कार्पेटलाही उठवील. पुढच्या कडेला हाच ब्रश. कडेच्या लांबीनं, एकाच दिशेनं, छोटे छोटे झटके द्यायचे. गोल गोल घासायचं नाही.

मागच्या खाचेला आम्हाला सगळ्यात चांगला सापडला तो रंगाऱ्याचा ब्रश, दीड-दोन इंच रुंदीचा. नवा ब्रश फार मऊ असतो, म्हणून त्याचे केस कात्रीनं निम्म्यावर कापायचे. आखूड झाले की ते ताठ होतात आणि चपटे असल्यामुळे थेट सांध्यात उतरतात. ही युक्ती आमच्या गटातल्या आक्कांची. त्यांच्या घरी रंगकाम चालू होतं, वाळून कडक झालेला ब्रश टाकून द्यायच्या ऐवजी त्यांनी तो पिशवीत घालून आणला. पण रंग लागलेला ब्रश मात्र वापरू नका, वाळलेल्या रंगाचे कण कार्पेटमध्ये पडतात. अगदी टोकाच्या कोपऱ्यात, जिथं भिंत, सपाट भाग आणि उभा भाग असे तिघं मिळतात, तिथं जुना टूथब्रश. त्याचा दांडा मेणबत्तीच्या आचेवर जरा गरम करून वाकवून घेतला तर हात भिंतीला घासत नाही.

केसांचं दुखणं निराळं. लांब केस आणि हारांचे दोरे धाग्यात गुंततात, ते ब्रशनंही येत नाहीत आणि मशीननंही येत नाहीत. त्याला रबर लागतं. खिडकीच्या काचा पुसायचं रबरी पातं घ्या, किंवा हातात भांडी घासायचे रबरी मोजे घाला, आणि कोरडंच आपल्याकडे ओढा. रबर कार्पेटला धरतं, केस गोळा होऊन त्यांची वळकटी होते, ती हातानं उचलायची.

पिनांसाठी लोहचुंबक. जुन्या स्पीकरमधलं काढून घ्या, कापडात गुंडाळा आणि मागच्या खाचेतून सावकाश फिरवा. एका लग्नानंतर साडीच्या पिना आणि केसांतले आकडे किती निघतात ते बघून तुम्हाला नवल वाटेल. कापड उलटं केलं की पिना सुटतात. हे काम सगळ्यात आधी करायचं, कारण नंतर तुमचे हात तिथं जाणार असतात आणि मशीनची पिशवीही पिनेनं फाटते. पितळेच्या पिना चुंबकाला लागत नाहीत, तेवढी नजर ठेवा.

आता मशीन. मशीनशिवाय काम होतं का? एखाद्या जिन्यापुरतं, आठवड्यातून एखाद्या लग्नापुरतं होतं. आम्ही एक पूर्ण हंगाम ब्रश आणि सुपलीवर काढला. पण ब्रशनं सैल केलेली धूळ उडते, ती आपल्या नाकातोंडात जाते आणि उरलेली परत बसते. दोन बायकांना सारखा खोकला लागला तेव्हा आम्ही मशीनचा पुन्हा विचार केला. ब्रश घाण सैल करतो आणि मशीन ती उचलतं, असं कामच वाटलेलं आहे. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

जिन्यासाठी घ्यायचं ते लांब नळीचं मशीन, डबा खाली आणि नळी हातात. दुकानात तीन गोष्टी मागून बघा. पहिली, चपटी निमुळती नळी बरोबर येते का. काही जण तिला फटीची नळी म्हणतात. बागेत पाण्याच्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार जोरात सुटते, तसंच इथं हवेचं होतं. तोंड अरुंद झालं की तिथं हवा जोरात ओढली जाते, आणि खाचेतला तांदूळ उचलायला तोच जोर लागतो. पण तोंड कार्पेटवर दाबून धरलं तर हवा आत शिरायला जागाच राहत नाही, मशीनचा आवाज चिरका होतो आणि काहीच ओढलं जात नाही. थोडं तिरकं धरा, हवेचा आवाज मोकळा येऊ द्या. दुसरी, वीतभर रुंदीचं छोटं तोंड, गाद्या-सोफ्यासाठी देतात ते. ते पायरीच्या उभ्या भागाला आणि पुढच्या कडेला. तिसरी, नळीची आणि वायरची लांबी. दुकानात वॉट विचारतात सगळे, पण वॉट म्हणजे मशीन वीज किती खातं. 1200 वॉटचं मशीन तासाला सव्वा युनिटच्या आसपास घेईल, ओढ किती आहे हे त्यावरून कळत नाही. म्हणून तिथंच कार्पेटचा तुकडा मागा, त्यात तांदूळ आणि माती दाबून भरा आणि चपट्या नळीनं ओढून बघा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

लांबीचा हिशोब असा. समजा 16 पायऱ्यांचा जिना आहे, पायरी 6 इंच उंच आणि 11 इंच खोल. उतारावर टेप धरला तर तो साडेसोळा फुटांच्या वर जातो. घरगुती मशीनची नळी साधारण पाच-सहा फुटांची असते. म्हणजे मशीन मधे हलवावंच लागणार. ते वरच्या पायरीवर ठेवून खालून नळी ओढायची नाही. ओढता ओढता मशीन अंगावर येतं. मशीन खालच्या फरशीवर किंवा मधल्या चौकात ठेवा आणि लागलं तर नळीला जोडनळी लावा. मधे चौकच नसेल तर एकीनं मशीन दोन्ही हातांनी धरून ठेवायचं, दुसरीनं नळी चालवायची.

हातात धरायचं छोटं, बॅटरीवरचं मशीन घ्यावं का, असंही विचारतात. ते उचलायला हलकं आणि वायरची कटकट नाही. पण त्याचा डबा लहान असतो, पाकळ्यांनी लगेच भरतो, आणि मोठ्या जिन्यावर बॅटरी अर्ध्यात उतरते. रोज वरच्यावर सफाई करायची असेल तर ठीक. लग्नानंतरच्या कामाला पुरत नाही.

काम वरून खाली करायचं. आधी हातानं मोठा कचरा आणि ओल्या पाकळ्या वेचायच्या, कारण ओल्या पाकळ्या नळीत चिकटून बसतात. मग चुंबक, मग रबर, मग ब्रश, आणि ब्रशच्या मागोमाग लगेच मशीन. दोघी असाल तर एकीनं ब्रश चालवायचा आणि दुसरीनं नळी तिथंच धरायची, म्हणजे धूळ उडायच्या आत ओढली जाते. नाकाला मास्क किंवा दुहेरी ओढणी हवीच. वाकून करू नका. दोन पायऱ्या खाली गोणपाटाची घडी घालून बसा आणि एकेक पायरी उतरत या, म्हणजे कंबर वाचते. मशीनची वायर पायाखालून नको, कठड्याच्या बाजूनं न्या. धुपाची, उदबत्तीची राख दिसली तर ती विझली आहे का ते आधी बघा. निखारा आत गेला तर पिशवी पेटते.

पाणी हा आपला हुकमी इलाज, पण इथं हात आवरा. कोरडी माती भिजली की चिखल होऊन कडेत खोल जाते. गमनं चिकटवलेली कड पाण्यानं सुटू शकते, आणि कार्पेटच्या पाठीला ताग असेल तर वाळताना तपकिरी डाग वर येतो. हळदीवर तर साबण किंवा सोडा लावूच नका. हळद लागलेलं पातळ साबणानं धुताना लाल होतं हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तेच कार्पेटवर होतं आणि मग लाल नसलेल्या कार्पेटवर ते लपत नाही. कोरडी हळद-कुंकू असेल तर न चोळता चपट्या नळीनं ओढून घ्या.

आणि दर ठरवताना कडेचा हिशोब सांगा. पायरी 5 फूट रुंद धरली तर पुढची कड 5 फूट, मागची खाच 5 फूट, आणि दोन्ही बाजू मिळून पावणेतीन फुटांच्या वर. एका पायरीला पावणेतेरा फूट. सोळा पायऱ्यांची कड दोनशे फूट होते. मॅनेजर म्हणतो, "मावशी, जिना काय, पाच मिनिटांचं काम." त्याच्यासमोर टेप धरून हे मोजून दाखवा. आम्ही दाखवलं, तेव्हापासून जिन्याचा दर हॉलमधून वेगळा धरला जातो. ब्रश गटाचे, मशीन आणि वीज कार्यालयाची, की सगळं गटाचं, हेही त्याच वेळी बोलून वहीत लिहून घ्या. कार्यालयाचं मशीन असेल तर हातात घेतानाच चालवून बघा, आधीच बिघडलेलं आपल्या नावावर नको.

मशीन घ्यायचंच ठरलं तर एका गटानं एकट्यानं घेण्यापेक्षा दोन-तीन गटांत मिळून घ्या, ग्रामसंघातून विचारा. लग्नाच्या तारखा एकाच दिवशी येतात हे खरं, पण सफाई मागेपुढे करता येते. काम झाल्यावर पिशवी किंवा डबा तिथंच बाहेर रिकामा करा, जाळी झटका, आणि जाळी धुतली तर सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका. ब्रश कंगव्यानं विंचरून केस काढा आणि टांगून ठेवा. केसांवर उभे ठेवले तर वाकडे होतात आणि पुढच्या वेळी खाचेत उतरत नाहीत. आमच्या आक्कांचा तो कापलेला ब्रश तिसऱ्या हंगामातही चालू आहे.

तुमच्याकडच्या जिन्याला पट्टी आहे की नुसता गम आहे, आणि कोणती कड अडते, ते रेडिओच्या नंबरवर कळवा. कार्पेटवरचं मेणबत्तीचं मेण आणि पानाचे डाग यांबद्दलही काही जणींनी विचारलं आहे. ते पुढच्या वेळी घेऊ.